एका वाड्यांत अनेक बिऱ्हाडें

महासंगणक हा शब्द कानीं पडला म्हणजे एखादें अजस्र, एकसंध यंत्र डोळ्यांपुढें उभें राहतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. आजचा महासंगणक म्हणजे शेंकडों, क्वचित् हजारों, स्वतंत्र संगणक अतिशय जलद अशा जाळ्यानें एकमेकांस जोडून केलेला समूह होय. ह्या समूहास क्लस्टर आणि त्यांतील एकेका संगणकास नोड म्हणण्याचा प्रघात आहे. अमेरिकेंतील नासा ह्या संस्थेच्या गॉडार्ड केंद्रांत थॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर ह्यांनीं १९९४ सालीं बाजारांत मिळणाऱ्या साध्या सामग्रीचा, सोळा प्रोसेसरांचा 'बेओवुल्फ' नांवाचा समूह उभारला, आणि तेथपासून ही स्वस्त व सोयीची रीत जगभर पसरली. पुण्यास सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं सिद्ध केलेल्या 'परम ८०००' ह्या यंत्राची घडण निराळी होती. परंतु २०१५ सालीं मान्यता मिळालेल्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेंतून जीं यंत्रें उभीं राहिलीं, त्यांपैकीं पुण्याच्याच आयसर संस्थेंतील 'परम ब्रह्म' हें ह्या समूह-पद्धतीचें आहे.

हवामानाचा अंदाज, औषधाच्या रेणूची रचना, धरणाच्या भिंतीवर येणारा ताण, ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरींची छाननी, अशीं नाना प्रकारचीं गणितें ह्या यंत्रांवर चालतात. गणितें करणारे लोक अनेक, त्यांच्या निकडी निरनिराळ्या, आणि यंत्र मात्र एकच. तेव्हां कोणाचें काम कोणत्या नोडवर, केव्हां व किती वेळ चालावें हें ठरविणारा कोणी कारभारी लागतोच. हा कारभारी मनुष्य नसतो. तोही एक प्रोग्रामच असतो. त्यास शेड्यूलर म्हणतात. असे शेड्यूलर अनेक आहेत. त्यांतील 'स्लर्म' हा आज फार प्रचारांत आहे, व 'परम' मालिकेंतील यंत्रांवरही त्याचा उपयोग केला जातो. त्याचा जन्म कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेंत २००२ च्या सुमारास झाला. नांवाच्या आद्याक्षरांत 'साधें' अशा अर्थाचा शब्द होता. तो साधेपणा आतां फारसा उरलेला नाहीं, हें त्याची माहितीपुस्तिका चाळणाऱ्यास लागलीच कळून येतें.

ह्या कारभाऱ्याला कारभाराचे नियम सांगावे लागतात. ते एका साध्या मजकुराच्या फायलींत ओळीओळीनें लिहिलेले असतात, आणि त्यांतील दोनचार ओळींवर शेंकडों लोकांचें काम वेळेवर होणें किंवा खोळंबणें अवलंबून राहतें. त्या ओळींपैकीं सर्वांत महत्त्वाची ओळ अशा एका प्रश्नाचें उत्तर देते कीं, एका नोडवर एका वेळीं एकच काम चालावें, कीं अनेक कामांनीं तो नोड वांटून घ्यावा?

प्रश्न घरगुती भाषेंत मांडतां येईल. एक मोठा वाडा आहे. त्यांत अठ्ठेचाळीस खोल्या आहेत. मालकाचा नियम असा कीं, वाड्यांत एका वेळीं एकच बिऱ्हाड. वऱ्हाड घेऊन येणाऱ्या कुटुंबाला हा नियम फार मानवेल. पण चार खोल्या पुरणारा भाडेकरू आला तर काय? त्यालाही सबंध वाडा द्यावयाचा, उरलेल्या चव्वेचाळीस खोल्यांना कुलुपें, आणि दारांत अकरा बिऱ्हाडें सामान घेऊन ताटकळत उभीं. नोडची गोष्ट अगदीं अशीच आहे. प्रत्यक्ष गणित करणारा जो भाग, त्यास कोअर म्हणतात. अठ्ठेचाळीस कोअर व १९२ जीबी मेमरी असलेला नोड आज मुळींच दुर्मिळ नाहीं. चार-चार कोअर लागणारीं बारा कामें अशा एका नोडांत सुखानें बसतात. एकलेपणाचा नियम असेल तर त्यांच्यासाठीं बारा नोड अडतात. वीज, थंड हवेची व्यवस्था आणि यंत्राची किंमत ह्यांचा विचार करतां ही उधळपट्टी लहानसहान नव्हे. शिवाय पैसा बहुधा सार्वजनिक असतो, आणि ताटकळणारा बहुधा विद्यार्थी.

असा नियम मुळांत केला तरी कां? तर ज्यांनीं केला त्यांचे वाडेच लहान होते. लिव्हरमोरच्या ज्या क्लस्टरवर स्लर्म प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरला गेला, त्या 'एमसीआर' नांवाच्या यंत्रांत १,१५२ नोड होते, पण प्रत्येकांत प्रोसेसर दोनच. तेथील गणितें शेंकडों नोड एकदम व्यापणारीं. दोन खोल्यांच्या घराची वांटणी करण्यांत कोणी वेळ दवडीत नाहीं. पुढें एकेका नोडांतील कोअरांची संख्या दोनावरून आठ, आठावरून अठ्ठेचाळीस, कांहीं ठिकाणीं शंभरावर गेली. अनेक ठिकाणीं नियम मात्र तोच राहिला.

स्लर्ममध्यें ह्या जुन्या नियमाचें नांव 'लीनिअर' असें आहे. त्याच्या जागीं 'कॉन्स-ट्रेस' ही रीत निवडली कीं, शेड्यूलर नोड न मोजतां नोडच्या आंतील वस्तु मोजूं लागतो: कोअर किती, मेमरी किती, चित्रगणक म्हणजे जीपीयू किती. ज्याला जेवढें लागेल तेवढें त्याच्या नांवें लिहावयाचें, बाकीचें दुसऱ्यासाठीं मोकळें ठेवावयाचें. २०१९ सालीं आलेल्या ह्या रीतीच्या आधीं 'कॉन्स-रेस' नांवाची तिची धाकटी आवृत्ति होती. तिला जीपीयूंचा हिशेब नीट जमत नसे, आणि आतां ती काढून टाकण्यांत आली आहे. येथें एक व्यवहाराची सूचना करणें अवश्य आहे. 'लीनिअर' सोडून ही नवी रीत घेतांना शेड्यूलर बंद करून पुन्हां सुरू करावा लागतो, आणि त्या क्षणीं चालूं असलेल्या व रांगेंत उभ्या असलेल्या सर्व कामांची नोंद पुसली जाते. कारण दोन्ही रीतींच्या वह्या लिहिण्याची पद्धतच वेगळी. म्हणून हा बदल करावयाचा दिवस आधीं जाहीर करावा, नवीं कामें घेणें थांबवावें, चालूं कामें संपूं द्यावींत, आणि मग ओळ बदलावी. भर गर्दींत बदलणारा व्यवस्थापक दुसऱ्या दिवशीं कोणास तोंड दाखवूं शकणार नाहीं.

येथवर सर्व सोपें आहे. खरी मेख पुढेंच आहे, आणि ती मेमरीची आहे.

काय काय मोजावयाचें हें एका वेगळ्या ओळींत सांगावें लागतें. तेथें 'फक्त कोअर' असें लिहिलें तर शेड्यूलर फक्त कोअरच मोजतो. मेमरी त्याच्या लेखीं अस्तित्वांतच नसते. मग काय घडतें तें पाहावें. समजा, एका विद्यार्थिनीचें रेणूंचें गणित सहा दिवस चाललेलें आहे. त्यास आठ कोअर आणि ११० जीबी मेमरी लागते. नोडची एकंदर मेमरी १९२ जीबी. चाळीस कोअर मोकळे दिसतात म्हणून शेड्यूलर तेथें दुसरें एक काम पाठवितो. हें नवें काम हळूहळू फुगत ९० जीबीपर्यंत जातें. दोहोंची बेरीज २०० झाली; नोडांत तेवढी जागाच नाहीं. अशा वेळीं लिनक्सच्या गाभ्यांतील एक यंत्रणा जागी होते. सबंध संगणक कोलमडूं नये म्हणून ती कोणत्या तरी एका प्रोग्रामचा बळी देते, आणि बळी निवडतांना मुख्यत्वेंकरून कोण किती मेमरी व्यापून बसला आहे हें पाहते. ११० जीबी व्यापणारें काम कोणाचें? सहा दिवस मुकाट्यानें आपल्या मर्यादेंत चाललेलें तें. मागाहून आलेला शेजारी सुखरूप राहतो, आणि सहा दिवसांची मेहनत एका निमिषांत नाहींशी होते. विद्यार्थिनीला तर आपलें काम कां मेलें हेंही कळत नाहीं. तिच्या प्रोग्राममध्यें चूक नसतेच.

ह्या प्रकारच्या एकदोन घटना घडल्या कीं, व्यवस्थापक चिडून पुन्हां 'एका नोडवर एकच काम' ह्या नियमाकडे वळतात, आणि वांटून घेण्याची कल्पनाच वाईट होती असें म्हणतात. तो न्याय नव्हे. वांटणी वाईट नव्हती. अर्धीच वस्तु मोजून वांटणी केली, हें वाईट होतें. उपाय असा कीं, मोजावयाच्या वस्तूंत कोअरबरोबर मेमरीही घालावी. स्लर्ममध्यें त्यासाठीं 'सीआर-कोअर-मेमरी' हा पर्याय आहे. तो लिहिल्यावर ११० जीबी एकाच्या नांवें गेली कीं शेड्यूलर उरलेल्या मेमरींत मावणाऱ्या कामासच तेथें प्रवेश देतो.

परंतु एवढें करून स्वस्थ बसणाऱ्यास दुसऱ्याच दिवशीं उलट तक्रार ऐकावी लागते. नोडवर एकच काम, तेंही चार कोअरांचें. चव्वेचाळीस कोअर रिकामे. तरी रांग हलत नाहीं. पुन्हां जुना नियम लागला कीं काय? ह्याचें कारण असें कीं, त्या काम देणाऱ्यानें आपल्याला मेमरी किती हवी हें सांगितलेंच नव्हतें. मागणी लिहिलेली नसली आणि व्यवस्थापकानेंही कांहीं ठरवून दिलेलें नसलें, तर स्लर्म त्या कामाला नोडची सगळी मेमरी देऊन टाकतो. खोल्या चारच घेतल्या, पण विहिरीचें सर्व पाणी आपल्या नांवें लिहून घेतलें, असा हा प्रकार झाला. आतां चव्वेचाळीस खोल्या रिकाम्या असून काय उपयोग? पाण्यावांचून तेथें बिऱ्हाड करणार कोण?

म्हणून न सांगणाऱ्यासाठीं एक ठराविक वांटा नेमून द्यावा लागतो. प्रत्येक कोअरमागें इतकी मेमरी, असा. हिशेब अवघड नाहीं. १९२ जीबी म्हणजे १,९६,६०८ एमबी. ह्यांतील कांहीं भाग संगणकाच्या स्वतःच्या कारभारासाठीं राखून ठेवला पाहिजे. सगळी मेमरी वांटून टाकणें म्हणजे वाड्यांत दिंडी-दरवाज्यालाही जागा न ठेवणें होय. कोअरमागें ३,८०० एमबी ठरविली तर अठ्ठेचाळीस कोअरांची मिळून १,८२,४०० एमबी होते, आणि चौदा हजारांवर एमबी संगणकाकडे राहते. ज्याला अधिक लागेल त्यानें तसें स्पष्ट मागावें. ही एक ओळ न लिहिल्यामुळें सामाईक नोड नांवापुरतेच सामाईक राहिल्याचीं उदाहरणें इतकीं आढळतात कीं, नवशिक्या व्यवस्थापकानें सर्वांत आधीं हीच ओळ तपासावी.

अधिक मागणाऱ्याचाही विचार केला पाहिजे. एखादा म्हणेल, 'मला कोअर एकच द्या. मेमरी मात्र १८० जीबी.' दिसावयास मागणी गरिबाची, पण ती पुरी केली कीं सत्तेचाळीस कोअर निकामी होतात. हिशेब केवळ कोअरांवर ठेवला तर ह्या गृहस्थाच्या नांवावर एका कोअरचा वापर पडेल आणि रांगेंत त्याची पाळी लवकर लवकर येत राहील. ह्यावर स्लर्ममध्यें दोन तोडगे आहेत. एक, कोअरमागें मेमरीची कमाल मर्यादा घालणें. ती ओलांडणाऱ्यास स्लर्म त्या प्रमाणांत अधिक कोअर घ्यावयास लावतो. दुसरा, वापराची आकारणी करतांना कोअर, मेमरी व जीपीयू ह्यांना वजनें देऊन जो वांटा सर्वांत मोठा ठरेल तोच धरणें. दुसरा तोडगा अधिक न्यायाचा. कारण त्यांत कोणास अडवणूक होत नाहीं, फक्त ज्यानें जें अडविलें त्याचें मोल त्याच्या नांवें लागतें.

आतां वचनाचा प्रश्न. काम देणारा म्हणाला, 'मला चार कोअर व १६ जीबी पुरे', आणि शेड्यूलरनें तें लिहून घेतलें. पण प्रत्यक्षांत त्यानें चाळीस जीबी वापरली तर त्याचा हात कोण धरणार? नुसती वही कोणाचा हात धरीत नाहीं. बरें, येथें दुष्टपणाच असतो असेंही नाहीं. पुष्कळ गणिती प्रोग्राम सुरू होतांच आपण कोणत्या संगणकावर आहोंत, त्यांत कोअर किती, हें पाहतात. अठ्ठेचाळीस दिसले कीं अठ्ठेचाळीस धागे निर्माण करतात. आपल्या वांट्यास चारच आले आहेत हें त्यांच्या गांवींही नसतें. शेजाऱ्यांची मात्र दाणादाण उडते.

ह्यावरचा उपाय लिनक्सच्या गाभ्यांतच आहे. गूगल कंपनींतील पॉल मेनेज व रोहित सेठ ह्यांनीं २००६ सालीं हातीं घेतलेलें आणि २००८ च्या जानेवारींत लिनक्सच्या २.६.२४ ह्या आवृत्तींत समाविष्ट झालेलें 'सीग्रुप' नांवाचें हें साधन आहे. कांहीं प्रोग्रामांचा एक गट करावयाचा आणि त्या गटाभोंवतीं भिंत घालावयाची: ह्या गटानें हेच चार कोअर वापरावे, ह्या गटाची मेमरी १६ जीबीच्या वर जाऊं नये. स्लर्मला सीग्रुपचा आश्रय घेण्यास सांगितलें, आणि कोअर व मेमरी ह्या दोहोंचेंही बंधन चालूं केलें, म्हणजे अठ्ठेचाळीस धागे काढणारा प्रोग्राम आपल्याच चार कोअरांत दाटीवाटीनें बसतो. फुगणारें काम आपल्याच भिंतीस आपटून मरतें, शेजाऱ्यास धक्का लागत नाहीं. वरील विद्यार्थिनीचें सहा दिवसांचें गणित खऱ्या अर्थानें सुरक्षित होतें तें येथें. मोजणी आणि भिंत, दोन्ही हवींत. मोजणीवांचून भिंत कोठें घालावी हें कळत नाहीं, आणि भिंतीवांचून मोजणी केवळ कागदावर राहते.

ह्या विषयांत एका शब्दानें फार घोटाळा केला आहे. स्लर्मच्या नियमांत 'ओव्हरसबस्क्राइब' असा एक पर्याय आहे. पूर्वीं त्याचेंच नांव 'शेअर्ड' असें होतें. नांव वाचून अनेकांस वाटे कीं, नोड वांटून घ्यावयाचा तर हाच चालूं करावयाचा. तसें नाहीं. वर सांगितलेली मोजणीची रीत घेतली कीं, हा पर्याय 'नाहीं' असा असतांनाही निरनिराळीं कामें एका नोडांत शेजारीं शेजारीं राहतात. प्रत्येकाचे कोअर मात्र त्याचे एकट्याचे. हा पर्याय सक्तीचा केला तर अनेक कामें एकाच कोअरवर एकावर एक लादलीं जातात. ती एका खोलींत चार बिऱ्हाडें घालण्याची गोष्ट होय. तींत पाळीपाळीनें काम चालविण्याची सोयही आहे. एरवीं दर तीस सेकंदांनीं एकास थांबवून दुसऱ्यास संधि मिळते. एका यंत्राचा वेळ अनेकांनीं वांटून घेण्याची ही कल्पना जुनीच. अमेरिकेंतील एमआयटी संस्थेंत फर्नांडो कोर्बाटो व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९६१ सालींच ती करून दाखविली होती. पण तेव्हांचें यंत्र बहुतेक वेळ माणसाच्या टंकलेखनाची वाट पाहत रिकामें असे. अखंड गणित करणाऱ्या कामांना त्यांत लाभ नाहीं. शिवाय थांबविलेलें कामही मेमरी अडवून बसतेंच. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांसाठीं चारदोन नोड तसे ठेवावे. सर्व क्लस्टर तसा ठेवूं नये.

इतकें सर्व केलें तरी एक वस्तु मोजणीबाहेर राहते. वाड्यांतल्या खोल्या वेगळ्या असल्या तरी नळ एकच असतो, आणि सकाळीं त्याच्यापुढें घागरींची रांग लागते. नोडांतील कोअर आणि मेमरी ह्यांच्यामधून माहिती जा-ये करते, त्या वाटेची रुंदी सर्वांत सामाईक असते. जवळची जलद मेमरी, जिला कॅश म्हणतात, तिचा मोठा भागही तसाच. जाळें आणि डिस्क हींही तशींच. ह्यांची वांटणी सामान्य व्यवस्थेंत शेड्यूलर करीत नाहीं. म्हणून एकटें असतां जलद चालणारें काम शेजार लाभला कीं मंदावूं शकतें, आणि किती मंदावेल हें शेजाऱ्याच्या स्वभावावर असतें. एखाद्या प्रोग्रामचा वेग मोजून तो प्रसिद्ध करावयाचा असेल, तर त्यानें सबंध नोड मागून घ्यावा. स्लर्ममध्यें तशी मागणी एका शब्दानें करतां येते. अनेक नोडांवर एकदम पसरलेल्या मोठ्या गणितांसही हेंच हिताचें. त्यांत सर्व तुकडे एकमेकांसाठीं थांबत असतात; शंभर नोडांपैकीं एका नोडवर त्रासदायक शेजारी आला तर उरलेले नव्व्याण्णव त्याच्यापायीं खोळंबतात.

मोठ्या गणितांची आणखीही एक अडचण असते. लहान कामें सर्व नोडांवर विखुरलीं तर एकही नोड पुरता मोकळा सांपडत नाहीं. एकंदर कोअर मोकळे पुष्कळ, पण अठ्ठेचाळीस एके ठिकाणीं कोठेंच नाहींत. भरत आलेला नोड आधीं भरावा, रिकाम्यास हात लावूं नये, हें धोरण अशा वेळीं बरें. सर्वांत मोकळ्या नोडवर नवें काम पाठविण्याचाही पर्याय आहे, आणि तो नळाच्या दृष्टीनें सोयीचा आहे. परंतु मोठ्या कामांना तो जाचतो. म्हणून शहाणे व्यवस्थापक बहुधा दोन भाग पाडतात: कांहीं नोड सबंधच द्यावयाचे, कांहीं वांटून द्यावयाचे. कोणत्या भागांत किती नोड असावे ह्याचें एकच उत्तर नाहीं. आपल्याकडे येणारीं कामें कशीं आहेत हें महिना दोन महिने पाहूनच तें ठरवावें.

काम देणाऱ्याच्या बाजूनें पाहिलें तर त्यानें तीन आंकडे लिहावयाचे असतात: कोअर किती, मेमरी किती, वेळ किती. वेळेचा आंकडा पुष्कळांस निरर्थक वाटतो व ते कमाल मर्यादा लिहून मोकळे होतात. पण मोठें काम आपल्या पाळीची वाट पाहत असतां मध्यें उरलेल्या फटींत लहान कामें सरकवून देण्याची जी युक्ति शेड्यूलरजवळ आहे, ती ह्याच आंकड्यावर चालते. दोन तासांच्या कामास सात दिवस लिहिणारा स्वतःच त्या फटींतून बाद होतो. मेमरीचा आंकडा प्रथम कोणासच ठाऊक नसतो. त्यानें पहिल्या वेळीं सढळ हातानें मागावी. काम संपल्यावर, नोंदी ठेवण्याची व्यवस्था केलेली असल्यास, स्लर्मच्या हिशेबवहींत त्या कामानें अधिकांत अधिक किती मेमरी वापरली तें लिहिलेलें सांपडतें. तो आंकडा पाहून, त्यावर पंधरा-वीस टक्के वाढवून, पुढच्या वेळीं तेवढीच मागावी. साठ जीबी मागून अकराच वापरल्याचें ज्याला तेथें दिसेल, तो पुढच्या खेपेस तेरा मागेल, आणि उरलेल्या सत्तेचाळीस जीबींत दुसऱ्या कोणाचें तरी काम त्याच रात्रीं सुरू होईल.